गर्भाशयमुखाचा कर्करोग : बार्शीची पाहणी, इंदूरचा सवाल

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनीत उघडतो. वैद्यकात त्याला गर्भाशयमुख म्हणतात. बोलीभाषेत ते गर्भपिशवीचे तोंड. जेमतेम काही सेंटिमीटर लांबीच्या या भागात होणारा कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया दगावल्या. जगभरात या रोगाने त्या वर्षी सुमारे साडेतीन लाख मृत्यू झाले. म्हणजे दर चार-पाच मृत्यूंमागे एक मृत्यू भारतातला होता.

हा आकडा अधिक बोचतो, कारण हा कर्करोग टाळता येण्याजोगा आहे. त्याचे कारण ठाऊक आहे. तो होण्याआधीची अवस्था अनेक वर्षे टिकते, ती ओळखण्याच्या चाचण्या आहेत आणि मूळ संसर्ग रोखणारी लसही आहे. यातली बरीच माहिती मराठी मुलखातील खेड्यांमधून आणि वस्त्यांमधून मिळाली. ती देणाऱ्या स्त्रिया शेतमजूर, गृहिणी, शाळकरी मुली होत्या. संशोधनात भाग घेणाऱ्या अशा माणसांच्या हक्कांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो मुख्यतः इंदूरमधून. संशोधनाने काय दिले आणि ते कोणत्या अटींवर मिळवले, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय या रोगाचा इतिहास पुरा होत नाही.

विषाणू आणि पेशी

या कर्करोगाचे कारण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे हातापायांवर चामखीळ येते, काहींमुळे काहीच होत नाही. कर्करोगाला कारणीभूत ठरणारे प्रकार डझनभर असून त्यांत १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार सर्वांत घातक आहेत. जगातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात.

हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो आणि तो इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतोच. आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्या स्त्रीलाही तो होऊ शकतो. त्यामुळे या आजाराचा चारित्र्याशी संबंध जोडणे शास्त्राला धरून नाही, आणि असा संबंध जोडल्याने तपासणीला येऊ पाहणारी बाई घरातच थांबते. दहापैकी नऊ संसर्ग शरीर स्वतःच दोनेक वर्षांत निपटून काढते. उरलेल्या थोड्यांमध्ये विषाणू ठाण मांडून बसतो आणि धोका तिथेच असतो.

गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या आवरणपेशी जिथे एकमेकींना मिळतात तो पट्टा नाजूक असतो. विषाणू तिथल्या तळाच्या पेशींत शिरतो. त्याची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने पेशीच्या संरक्षणव्यवस्थेवरच घाला घालतात. जनुकांत बिघाड झालेल्या पेशीला थांबवणारे किंवा मरायला लावणारे पी५३ हे प्रथिन ई६ मुळे नष्ट होते, तर पेशीविभाजनाला आवर घालणारे आरबी हे प्रथिन ई७ मुळे निकामी होते. मग बिघडलेल्या पेशी वाढत राहतात. पण संसर्गापासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत सहसा दहा ते वीस वर्षे लागतात. या मधल्या काळात पेशींतला बदल सापडला, तर तो भाग गोठवून किंवा तापवून नाहीसा करता येतो आणि कर्करोग होतच नाही.

लक्षणे मात्र उशिरा दिसतात. संबंधांनंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी गेल्यानंतर अंगावर जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही ती लक्षणे. अनेक घरांत ‘अंगावरून जाणे’ ही सांगण्याची गोष्टच मानली जात नाही, आणि महिनेच्या महिने तसेच जातात.

शंकेपासून पुराव्यापर्यंत

१८४२ मध्ये इटलीतील व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासताना दोमेनिको रिगोनी-स्टर्न या वैद्याला दिसले की हा कर्करोग विवाहित स्त्रियांत आढळतो, मठातल्या जोगिणींत जवळजवळ नाही. रोगाचा लैंगिक जीवनाशी संबंध असावा, ही शंका तेव्हापासूनची.

भारतात या रोगाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यानंतर तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. पुढे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. वेगवेगळ्या समाजांतील कर्करोगांचे प्रमाण ताडून पाहताना त्यांना मुंबईतल्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी आढळला. हिंदू स्त्रियांत चित्र उलट होते. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात राहणाऱ्यांमध्ये एवढा फरक असेल, तर कारण राहणीत आणि चालीरीतींत शोधायला हवे, ही दृष्टी त्यातून रुजली.

नेमके कारण सापडायला आणखी तीस वर्षे लागली. जर्मन विषाणुतज्ज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी हा रोग पॅपिलोमा विषाणूमुळे होत असावा, असे मांडले तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांचा संशय दुसऱ्याच विषाणूवर, जननेंद्रियांवर फोड आणणाऱ्या हर्पीस सिम्प्लेक्सवर होता. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने कर्करोगाच्या गाठीतून एचपीव्ही १६ आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही १८ वेगळा काढला. या कामाला २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बार्शीची नोंदवही

कारण कळले तरी रोग कुठे, किती आणि कोणत्या टप्प्यावर आहे हे समजल्याशिवाय उपाय ठरत नाही. १९८० च्या दशकापर्यंत भारतातील कर्करोगाची आकडेवारी शहरांतली होती. खेड्यांतील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी इथे सुरू झाली. डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय तिचे केंद्र होते, आणि बार्शीबरोबर शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम तालुकेही तिच्या कक्षेत होते. सगळी मिळून ३४६ गावे.

शहरात रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या की काम भागते. गावाकडे मात्र कित्येक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसत. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटी वाट धरली. ते गावोगाव गेले, बायकांशी बोलले, कोणती लक्षणे धोक्याची ते समजावले, संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणले. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा इथल्या स्त्रियांचा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग असल्याचे या नोंदींतून दिसले. त्याहून महत्त्वाची गोष्ट काही वर्षांनी दिसली: कोणतेही महागडे यंत्र न आणता, केवळ या बोलण्याने आणि माहितीने रुग्ण आधीच्या टप्प्यावर येऊ लागले होते.

उस्मानाबादची चाचणी

या पायावर १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. त्याचे नेतृत्व डॉ. आर. शंकरनारायणन यांच्याकडे होते. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पॅप चाचणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्या गटात कोणतीही तपासणी नाही, नेहमीच्या सेवा तेवढ्या चालू. पहिल्या तीन गटांत तपासणी एकदाच झाली आणि पुढे चारही गटांचा सुमारे आठ वर्षे पाठपुरावा झाला.

निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, तर एचपीव्ही चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांमध्ये ३४. पुढच्या टप्प्याला गेलेले कर्करोग तपासणी न झालेल्या गटात ८२ तर एचपीव्ही चाचणीच्या गटात ३९ होते. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले होते. इतर दोन तपासण्यांच्या गटांत मृत्यूंत तशी ठळक घट दिसली नाही. एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांना नंतरच्या वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण लाखामागे वर्षाला ३.७ होते, पॅप चाचणीत निर्दोष ठरलेल्यांत ते १५.५ होते. ‘तुम्हाला काही नाही’ हे आश्वासन कोणती चाचणी अधिक खात्रीने देते, याचे उत्तर या आकड्यांत होते. जागतिक आरोग्य संघटना आज पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला देते, त्यामागे उस्मानाबादच्या गावांमधला हा पुरावा आहे.

मुंबईच्या वस्त्यांतली तपासणी

एचपीव्ही चाचणीला प्रयोगशाळा लागते, पैसा लागतो. तो नसेल तिथे काय करायचे, याचे उत्तर शोधणारा अभ्यास १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली टाटा स्मारक केंद्राने केला. ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या स्त्रियांना दोन वर्षांच्या अंतराने चार वेळा तपासले गेले आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या.

ही तपासणी समजायला सोपी आहे. योनीमार्ग उघडा धरणारे स्पेक्युलम हे उपकरण बसवून गर्भाशयमुख नजरेसमोर आणायचे. चार टक्के तीव्रतेचे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरएवढ्या ताकदीचे द्रावण, कापसाच्या बोळ्याने त्यावर लावायचे. मग एक मिनिट थांबायचे. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बदललेल्या पेशींत केंद्रके मोठी आणि प्रथिने दाट असतात. ॲसिडने ती साकळतात आणि तिथे पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग उमटतो. प्रखर दिव्याच्या उजेडात हा डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. चार-पाच मिनिटांत सारे आटोपते आणि उत्तर तिथल्या तिथे मिळते, त्यामुळे बाईला दुसरा खाडा करावा लागत नाही. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले.

उस्मानाबादेत या तपासणीने मृत्यू घटल्याचे दिसले नाही आणि मुंबईत दिसले. दोन अभ्यासांतला एक मोठा फरक असा की उस्मानाबादेत ती एकदाच झाली, मुंबईत पुन्हापुन्हा. डोळ्यांनी केलेली तपासणी तपासणाऱ्याच्या हातावर आणि सरावावरही अवलंबून असते.

या दोन्ही अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला. पॅप चाचणीने मृत्यू टळतात हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवातून आधीच माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातले मृत्यू मोजणे योग्य होते का? त्या स्त्रियांना आपण कशात सहभागी आहोत हे पुरेसे समजले होते का? संशोधकांचे उत्तर असे की देशात त्या काळी तपासणीची कोणतीही सार्वजनिक व्यवस्था नव्हती, तपासणी न होणे हीच भारतीय स्त्रीची नेहमीची स्थिती होती आणि भारताच्या परिस्थितीत काय चालते हे तुलनेशिवाय कळले नसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ज्या गटाच्या मृत्यूंमुळे पुरावा उभा राहिला, त्या गटाचे ऋण मोठे आहे, हे कोणत्याही बाजूने नाकारता येत नाही.

लस आणि खम्मम

विषाणूच्या बाहेरच्या कवचातील एल१ हे प्रथिन प्रयोगशाळेत बनवले, की त्याचे रेणू आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ गोळा तयार होतो. आत जनुके नसल्याने तो संसर्ग करू शकत नाही, पण शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. इयन फ्रेझर आणि जिआन झोऊ यांनी ऑस्ट्रेलियात १९९१ मध्ये दाखवलेल्या या युक्तीवर एचपीव्हीची लस उभी आहे. पहिली लस २००६ मध्ये अमेरिकेत आली. संसर्ग होण्याआधी, म्हणजे ९ ते १४ या वयात ती सर्वांत गुणकारी ठरते. आधी झालेला संसर्ग ती बरा करत नाही.

२००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या साथीने, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना लस दिली. खम्मममधील अनेक मुली आदिवासी होत्या, वसतिगृहांत राहत होत्या. पुढच्या काही महिन्यांत सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. सरकारी चौकशीत बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक, ताप अशी कारणे पुढे आली; मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमतीची जी तऱ्हा उघड झाली ती धक्कादायक होती. संसदीय स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात नोंदवले की आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. मुलींच्या आईवडिलांना विचारलेच नव्हते.

इंदूरचा सवाल

त्याच सुमारास इंदूरमध्येही असेच प्रश्न उभे राहत होते. महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे इंदूरकरांचे ‘एमवाय’, हे माळवा-निमाडच्या गरीब रुग्णांचे मोठे आधारस्थान. तिथे काही वर्षांत झालेल्या औषधचाचण्यांची माहिती बाहेर आली: ७३ चाचण्या, सुमारे ३,३०० रुग्ण आणि त्यांत निम्म्याहून अधिक लहान मुले. आपल्यावर नवे औषध आजमावले जात होते हे ठाऊकच नव्हते, असे कित्येक कुटुंबांनी सांगितले.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्याच वर्षी इंदूरमध्येच काम करणाऱ्या कल्पना मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचपीव्ही लसप्रकल्पाविरुद्ध दुसरी याचिका केली. स्त्रीमुक्ती चळवळीत दीर्घकाळ घालवलेल्या कल्पना मेहता यांचे २०२० मध्ये निधन झाले. याचिकांच्या सुनावणीदरम्यान सरकारने न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१२ या काळात देशभरातील औषधचाचण्यांदरम्यान २,६४४ माणसे दगावली होती; त्यांपैकी ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे मानले गेले.

परिणाम लवकर दिसले. २०१३ च्या सुरुवातीलाच नियमांत बदल झाले: चाचणीमुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई देणे आणि नैतिकता समित्यांची नोंदणी करणे बंधनकारक झाले. न्यायालयाने संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्यास सांगितले. पुढे त्याची सक्ती मुख्यतः दुर्बल घटकांतील सहभागींपुरती ठेवली गेली आणि २०१९ मध्ये नव्या औषधांचे व चाचण्यांचे स्वतंत्र नियम आले. कल्पना मेहता यांच्या याचिकेतून एक घटनात्मक प्रश्नही निकाली निघाला. संसदीय समितीचा अहवाल न्यायालयात आधारासाठी वापरता येतो, असा निर्णय पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मे २०१८ रोजी दिला.

एका मात्रेचा शोध

खम्मम प्रकरणानंतर सरकारने एचपीव्ही लशीच्या सर्व चाचण्यांतील लसीकरण थांबवले. त्यात दुसरा एक अभ्यासही अडकला. लसीच्या तीनऐवजी दोन मात्रा पुरतात का, हे पाहण्यासाठी २००९ पासून बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद अशा ठिकाणी १० ते १८ वर्षांच्या मुलींची नोंदणी चालू होती. थांबण्याचा आदेश आला तेव्हा १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यांतल्या ४,९५० मुलींना एकच मात्रा मिळालेली होती आणि पुढची मिळणार नव्हती.

संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे नऊ वर्षांच्या निष्कर्षांत एचपीव्ही १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून संरक्षण एका मात्रेने ९५.४ टक्के, दोन मात्रांनी ९३.१ टक्के आणि तीन मात्रांनी ९३.३ टक्के आढळले; म्हणजे व्यवहारात सारखेच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयोगटासाठी एक मात्राही पुरेशी मानली, त्यात या पुराव्याचा मोठा हात होता. तीन मात्रांच्या खर्चात तिप्पट मुलींचे लसीकरण आता शक्य झाले आहे. २०२२ मध्येच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या पहिल्या भारतीय एचपीव्ही लशीला परवानगी मिळाली.

ज्ञान आणि पोच

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी तीन उद्दिष्टे ठरवली आहेत: पंधराव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींचे लसीकरण, ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ आणि ४५ व्या वर्षी चांगल्या चाचणीने तपासणी, आणि पूर्वावस्था किंवा रोग सापडलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार. भारतात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे सरकारी धोरण २०१६ पासून आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची कधी काळी तपासणी झाल्याचे आढळले.

तपासणी पोचत नाही तिथे भीती पोचते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा अनेकींनी सांगितले की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल असे त्यांना बजावले गेले होते. पूर्वावस्थेतला डाग ज्या आजारात काही मिनिटांच्या उपचाराने काढता येतो, त्याच्या भीतीपोटी तरुण बायकांनी अवयव गमावले. एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतःच घेता येतो, त्यामुळे संकोचाची अडचणही आता पूर्वीएवढी उरलेली नाही.

संमती घेत बसलो तर काम रखडते, असा समज आरोग्यसेवेत अजून आढळतो. सिक्कीमचा अनुभव त्याच्या उलट आहे. तिथे २०१८ मध्ये शाळांतून एचपीव्ही लसीकरण सुरू करण्याआधी शिक्षक, पालक आणि पत्रकारांना लसीची माहिती दिली गेली, शंकांची उत्तरे दिली गेली. आणि ९५ टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या तीस वर्षे आधी गावोगाव हेच केले होते. समजावून सांगितलेली स्त्री तपासणीला येते आणि आपल्या मुलीलाही लसीसाठी आणते. उस्मानाबाद, मुंबई आणि बार्शीच्या स्त्रियांनी आपल्या शरीरांतून जो पुरावा दिला, त्याचा लाभ त्यांच्याच गावांतल्या आणि वस्त्यांतल्या प्रत्येक घरी पोचवणे ही आरोग्ययंत्रणेची उरलेली जबाबदारी आहे.